हवेतल्या मोजमापांवरून प्रदेशाचं हरितगृह वायू उत्सर्जन कसं काढावं: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

टॉवरवरचं उपकरण उत्सर्जन मोजत नाही. अमुक वाजता, जमिनीपासून अमुक उंचीवर हवेत मिथेन किती होता, एवढंच ते सांगतं. तिथून "या प्रदेशातून वर्षाला इतके टन" इथवर यायचं तर वाटेत वारा आहे, हवेचं खालीवर मिसळणं आहे आणि बाहेरून आधीच वायू घेऊन आलेली हवा आहे. या कामात नव्याने येणारे सगळा जीव उपकरणात ओततात, आणि उत्तर चुकतं ते हवेच्या हिशोबात. म्हणून खाली त्या भागाला जास्त जागा दिली आहे.

हा खटाटोप कशासाठी, हेही आधी सांगायला हवं. देशांच्या उत्सर्जन सूची कागदावरून बनतात: जळालेलं इंधन, जनावरांची संख्या, पुरलेला कचरा यांना ठरावीक गुणांकांनी गुणायचं. इंधनाच्या कार्बन डायऑक्साइडसाठी हे बऱ्यापैकी जमतं. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचे गुणांक मात्र फार सैल असतात. शिवाय जे कुणी नोंदवलंच नाही ते सूचीत येणार कुठून? सीएफसी-११ या ओझोनचा थर खाणाऱ्या वायूचं उत्पादन जगभर बंद झालेलं असायला हवं होतं, तरी दक्षिण कोरियातल्या गोसान आणि जपानमधल्या हातेरुमा या केंद्रांच्या मोजमापांवरून पूर्व चीनमधून त्याचं उत्सर्जन वर्षाला सुमारे ७ हजार टनांनी वाढल्याचं २०१९ मध्ये दाखवून देता आलं. कागदावर त्याचा मागमूस नव्हता, हवेत होता. ब्रिटन आणि स्वित्झर्लंड आपल्या राष्ट्रीय अहवालात अशी पडताळणी जोडतात, आणि आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शनातही या पद्धतीला जागा आहे.

सुरुवातीला जवळ काय हवं

- किमान एका, शक्यतो तीन-चार केंद्रांची तासाची मोजमापं. प्रत्येक फाइलीसोबत हवा खेचणाऱ्या नळीच्या तोंडाची उंची, कॅलिब्रेशनचा स्केल (ज्या प्रमाण मापाशी उपकरण जुळवलं ते) आणि वेळ कुठली धरली आहे याची नोंद.
- हवामानाची त्रिमितीय आकडेवारी. ईआरए५ तासातासाची आणि पाव अंशाच्या जाळीवर मिळते. शहराएवढ्या प्रदेशासाठी डब्ल्यूआरएफसारखं बारीक जाळीचं मॉडेल स्वतः चालवावं लागतं.
- हवेचे कण काळात मागे मागे नेणारं मॉडेल: फ्लेक्सपार्ट, स्टिल्ट, हायस्प्लिट किंवा नेम.
- उत्सर्जनाचा पूर्वअंदाज: एडगर या जागतिक उत्सर्जन सूचीची ०.१ अंशाची जाळी, आगींसाठी जीफेड, पाणथळ जागांसाठी वेटचार्ट्स, आणि कार्बन डायऑक्साइड असेल तर वनस्पतींचं एखादं मॉडेल.
- प्रदेशाच्या कडेवरच्या हवेतली वायूची पातळी: कॅम्स किंवा कार्बनट्रॅकर या जागतिक मॉडेलांची.
- पायथन किंवा आर, नेटसीडीएफ फाइली वाचण्याची सवय आणि मॅट्रिक्सचं गणित.

१. आधी कागदावर पेटीचं गणित करा

कुठलंही मॉडेल चालवण्याआधी हे दहा मिनिटांचं गणित करा. ५० किलोमीटर रुंदीचा प्रदेश घ्या. ५ मीटर प्रति सेकंद वारा तो १०,००० सेकंदांत ओलांडतो. जमिनीतून दर चौरस मीटरला सेकंदाला १० मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड निघत असेल, तर तेवढ्या वेळात वरच्या हवेत ०.१ मोल भर पडते. दुपारचा मिश्रणस्तर, म्हणजे जमिनीलगतचा नीट घुसळला गेलेला थर, १ किलोमीटर उंच धरा. एका घनमीटरात हवेचे साधारण ४१ मोल असतात, म्हणजे एका चौरस मीटरवरच्या त्या स्तंभात ४१,०००. भागाकार केला की वाढ येते सुमारे २.४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २.४ भाग.

हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. एकूण ४२० पीपीएमच्या वर असलेल्या वायूत तुम्ही अडीच पीपीएम शोधताय. आता हेच गणित रात्रीसाठी करा. थर १०० मीटरचा उरला की तेवढंच उत्सर्जन २४ पीपीएम दाखवतं. उत्सर्जन तसूभरही बदललं नाही, हवेचं झाकण खाली आलं. तुमच्या मॉडेलने मिश्रणस्तर खऱ्यापेक्षा २० टक्के ठेंगणा धरला, तर तुमचं उत्तर थेट २० टक्के कमी येईल, आणि कुठलीही उपकरणं कितीही चोख असली तरी ती चूक दुरुस्त होणार नाही.

२. वायू, प्रदेश आणि काळ ठरवा

सल्फर हेक्साफ्लोराइड आणि एचएफसी (शीतयंत्रांत वापरले जाणारे वायू) यांना नैसर्गिक स्रोत जवळपास नाहीत, त्यामुळे त्यांचा हिशोब सर्वांत स्वच्छ. मिथेन मध्यम अवघड. सर्वांत अवघड कार्बन डायऑक्साइड, कारण वनस्पती दिवसा तो ओढून घेतात, रात्री सोडतात, आणि ही आवकजावक उन्हाळ्यात इंधनाच्या वाटणीपेक्षा सहज मोठी असते. दोन्ही वेगळे करायचे तर रेडिओकार्बन, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, लागतो. जीवाश्म इंधनात तो नसतो, त्यामुळे इंधनातून आलेला दर १ पीपीएम हवेतलं रेडिओकार्बनचं प्रमाण हजारी अडीचच्या आसपास खाली ओढतो. नमुने महाग आणि थोडे, पण या प्रश्नाला याहून खात्रीचं उत्तर नाही. पहिलाच प्रकल्प असेल तर मिथेनपासून सुरुवात करा, आणि महिन्याचं नव्हे, ऋतूचं किंवा वर्षाचं उत्तर मागा.

३. मोजमाप विश्वासार्ह करा

हल्ली बहुतेक ठिकाणी पोकळीत लेझर घुमवून मोजणारी उपकरणं असतात. ती सेकंदागणिक आकडे देतात आणि महिनोन्‌महिने शांतपणे चालतात. त्या शांततेवर भुलू नका.

पहिली गोष्ट ओलावा. हवेत २ टक्के बाष्प असेल तर ४२० पीपीएमच्या जागी ४११.६ दिसतात. ८.४ पीपीएमचा फरक, आणि तुमचा संकेत, म्हणजे शोधायची वाढ, अडीचची! म्हणून कोरड्या हवेतलं प्रमाणच वापरायचं. उपकरण स्वतः बाष्पाची दुरुस्ती करतं, पण ती दुरुस्ती त्याच उपकरणावर, थेंबभर पाणी देऊन, वर्षातून एकदा तपासावी लागते.

दुसरी गोष्ट कॅलिब्रेशन. जागतिक हवामान संघटनेच्या स्केलशी जोडलेले निदान तीन सिलिंडर ठेवा. त्यांची मूल्यं तुमच्या केंद्रावर येणाऱ्या पातळीच्या खालपासून वरपर्यंत पसरलेली हवीत. चौथा सिलिंडर कॅलिब्रेशनमध्ये अजिबात वापरायचा नाही. तो अनोळखी हवा समजून रोज मोजायचा आणि ठरलेला आकडा येतो का पाहायचं. सिलिंडरात खरी वाळवलेली हवा हवी. नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र करून बनवलेली कृत्रिम हवा स्वस्त पडते, पण तिच्यात आर्गॉनचं प्रमाण वेगळं असलं की लेझरच्या शोषणरेषेची रुंदी बदलते आणि तुम्ही चुकीच्या फूटपट्टीने मोजत राहता. सिलिंडर पार रिकामाही करू नका. दाब २० बारच्या खाली गेला की आतल्या भिंतीला चिकटलेला कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो आणि मूल्य वर सरकतं.

स्केलची आवृत्ती प्रत्येक फाइलीत तपासा. कार्बन डायऑक्साइडचा एक्स२०१९ स्केल जुन्या एक्स२००७ पेक्षा ४०० पीपीएमच्या आसपास सुमारे ०.१८ पीपीएम वर आहे. केंद्राकेंद्रांत ०.१ पीपीएमच्या आत मेळ असावा असं जागतिक उद्दिष्ट आहे, मिथेनसाठी २ पीपीबी (अब्ज भागांत २ भाग). एका केंद्राची फाइल जुन्या स्केलवर आणि दुसऱ्याची नव्यावर राहिली, तर तो फरक गणित प्रामाणिकपणे उत्सर्जनात बदलून देईल.

तिसरी गोष्ट गळती. यासाठी खास यंत्र लागत नाही. प्रत्येक जोडाभोवती हळू श्वास सोडा आणि पडद्याकडे बघा. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४०,००० पीपीएम असतो. जोड गळत असेल तर काही सेकंदांत रेषा उसळते. टॉवरच्या नळीला मात्र वेळ द्या: आतून १० मिलिमीटर व्यासाच्या १०० मीटर नळीत जवळपास ८ लिटर हवा मावते, म्हणजे मिनिटाला ८ लिटर ओढणारा पंप असेल तर वरची हवा खाली यायला एक मिनिट लागतं. एकाच उपकरणाला आळीपाळीने वेगवेगळ्या उंचीच्या नळ्या जोडत असाल, तर प्रत्येक बदलानंतरची पहिली काही मिनिटं टाकून द्या.

४. कोणते तास घ्यायचे

सपाट प्रदेशातल्या टॉवरवर सर्वांत वरच्या नळीचे दुपारचे चार-पाच तास घ्या, साधारण १२ ते १६, स्थानिक सौरवेळेप्रमाणे. हवा तेव्हा नीट मिसळलेली असते आणि मॉडेलही तेव्हाच कमी चुकतं. पहिल्या पायरीतलं रात्रीचं गणित आठवा. रात्रीच्या थराची उंची मॉडेलला १०० ऐवजी २०० मीटर वाटली, तर वाढ निम्मी दिसते. डोंगरमाथ्यावरच्या केंद्राचं याच्या उलट: तिथे दिवसा दरीतली हवा उतार चढून वर येते, म्हणून बरेच जण तिथली रात्रीची मोजमापं घेतात.

वरच्या आणि खालच्या नळीतला फरक ही फुकट मिळणारी चाचणी आहे. दुपारीही दोन्हींत मोठा फरक दिसत असेल तर त्या तासात हवा मिसळलेली नाही. तो तास गाळा. पण नियम आधी ठरवून लिहून ठेवा. मॉडेलशी जुळत नाही म्हणून मोजमाप गाळणं म्हणजे उत्तर आपल्याला हवं तसं घडवणं.

५. पार्श्वभूमी काढा

तुमच्या प्रदेशात शिरताना हवेत वायू किती होता? तो वजा केल्यावर उरतं ते तुमचं. संकेत २.४ पीपीएमचा आणि पार्श्वभूमी ०.५ पीपीएमने चुकली, तर एका फटक्यात २० टक्के चूक. यासाठी तीन मार्ग आहेत: समुद्राकडून येणारी स्वच्छ हवा घेणारं केंद्र, जसं आयर्लंडच्या किनाऱ्यावरचं मेस हेड, स्वतःच्याच मोजमापांतून संख्याशास्त्राने काढलेली तळरेषा, किंवा जागतिक मॉडेलची कडेवरची पातळी. तिसरा मार्ग वापरलात तर प्रत्येक कण प्रदेशाच्या कडेतून कुठे आणि किती उंचीवर बाहेर पडला ते बघून तिथलं मूल्य घ्यावं लागतं.

माझा सल्ला: पार्श्वभूमी पक्की न धरता तिलाही अज्ञात मानून गणितात सोडवायला ठेवा, निदान दिशेप्रमाणे एकेक छोटी दुरुस्ती तरी. तिला पक्की धरली की तिची चूक उत्सर्जनाच्या अंगावर जाते.

६. फूटप्रिंट काढा

मॉडेलमध्ये प्रत्येक तासासाठी नळीच्या तोंडाशी हजारो काल्पनिक कण सोडायचे आणि त्यांना काळात मागे न्यायचं. ते जमिनीलगत जिथे जितका वेळ रेंगाळले, तिथल्या उत्सर्जनाचा परिणाम तुमच्या मोजमापावर तितका. हा नकाशा म्हणजे फूटप्रिंट. त्याला उत्सर्जनाच्या नकाशाने गुणून बेरीज केली की मॉडेलची वाढ मिळते. देशाएवढ्या प्रदेशासाठी कणांना निदान काही दिवस, बरेचदा दहा दिवस मागे न्यावं लागतं.

इथले सापळे क्षुल्लक दिसतात आणि आठवडे खातात:

- उंची जमिनीपासून की समुद्रसपाटीपासून? डोंगराळ भागात मॉडेलचा डोंगर खऱ्यापेक्षा ठेंगणा असतो, त्यामुळे कण कुठल्या उंचीवर सोडायचे हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. दोन-तीन उंचींवरून सोडून बघा.
- वेळ जागतिक प्रमाणवेळ की स्थानिक? आणि "१३:००" म्हणजे १२ ते १३ ची सरासरी की १३ ते १४ ची?
- एककं. फ्लेक्सपार्ट आणि स्टिल्ट यांची एककं वेगळी आहेत. खात्रीसाठी सगळीकडे एकसारखं १ मायक्रोमोलचं उत्सर्जन धरून फूटप्रिंटची बेरीज करा. दुपारी जवळच्या ५० किलोमीटरसाठी ती पेटीच्या गणितातल्या ०.२४ पीपीएमच्या जवळपास यायला हवी. हजारपट फरक आला तर एककं चुकली आहेत.

शक्य असेल तर दोन वेगळ्या हवामान आकडेवारींवर फूटप्रिंट काढा. दोन उत्तरांतला फरक हा वाऱ्याच्या चुकीचा तुमच्याकडचा सर्वांत खरा अंदाज असतो.

७. पूर्वअंदाज आणि त्याची अनिश्चितता

मोजमापं हजारो आणि जाळीतले चौकोनही हजारो, पण मोजमापं एकमेकांसारखीच बोलतात. एकट्या त्यांच्यावरून प्रत्येक चौकोनाचं उत्सर्जन ठरत नाही. म्हणून सूचीवरून घेतलेला पूर्वअंदाज लागतो, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही सांगायचं.

शेजारच्या दोन चौकोनांच्या चुका सहसा सारख्या असतात, कारण गुणांक तेच. हा संबंध किती किलोमीटरपर्यंत धरायचा तेही ठरवावं लागतं. तो शून्य धरलात तर फक्त टॉवरशेजारचे चौकोन बदलतात आणि बाकीचा प्रदेश जसाच्या तसा राहतो. नकाशावर टॉवरभोवती लाल किंवा निळे ठिपके दिसले की समजा, हेच झालं आहे. आणि ज्या मोजमापांवरून पूर्वअंदाज आधीच सुधारला आहे, तीच पुन्हा वापरू नका; एकच साक्षीदार दोनदा उभा केल्यासारखं होतं.

८. उलट गणित

या पायरीला इंग्रजीतून आलेलं नाव इन्व्हर्जन. हवामानवाले तापमानाच्या उलट्या थरालाही इन्व्हर्जनच म्हणतात, तेव्हा वाचताना गोंधळू नका.

गणित शब्दांत असं: सुधारित अंदाज म्हणजे पूर्वअंदाज अधिक एक दुरुस्ती. मोजलेली वाढ आणि मॉडेलची वाढ यांतली तफावत घ्यायची, आणि पूर्वअंदाजाची अनिश्चितता व निरीक्षणांची अनिश्चितता यांच्या वजनाप्रमाणे ती उत्सर्जनावर वाटायची. मॅट्रिक्स लहान असतील तर पायथनमध्ये हे दहा ओळींचं काम आहे. अवघड असतं ते त्या दोन अनिश्चितता ठरवणं.

निरीक्षणांच्या अनिश्चिततेत नवखे लोक फक्त उपकरणाची चूक घालतात: मिथेनसाठी एखाद-दोन पीपीबी. खरी चूक वाऱ्याची आणि मिश्रणस्तराची, ती सहज दहापट असते. उपकरणाचाच आकडा ठेवलात तर गणित प्रत्येक मोजमापाच्या मागे धावतं आणि मॉडेलच्या वाऱ्यातली चूक उत्सर्जनाचा नकाशा म्हणून तुमच्या हातात ठेवतं.

दुसरी चूक याहून लपलेली. एका दुपारचे चार तास ही चार स्वतंत्र मोजमापं नाहीत. मॉडेलचा मिश्रणस्तर बारा वाजता ठेंगणा असेल तर तीन वाजताही ठेंगणाच असतो. चार स्वतंत्र धरलीत तर अनिश्चितता उगाच निम्मी होते. एकतर दुपारची सरासरी घेऊन एकच मोजमाप वापरा, नाहीतर काळातला संबंध मॅट्रिक्समध्ये घाला.

काही चौकोनांत उणे उत्सर्जन येईल. ते शून्य करून टाकण्याचा मोह होतो, पण मग एकूण बेरीज एकाच बाजूला झुकते. थोडे उणे आकडे चालतात. नकोच असतील तर सुरुवातीपासून उणे न होणारं वितरण धरून पुन्हा सोडवा.

९. उत्तर तपासा

प्रमाणित काय-वर्ग, म्हणजे उरलेली तफावत तुम्ही धरलेल्या अनिश्चिततेच्या मानाने किती हे सांगणारा आकडा, १ च्या जवळ आहे का पाहा. १ पेक्षा खूप जास्त आला तर अनिश्चितता कमी धरल्या आहेत, खूप कमी आला तर जास्त. मग एक केंद्र पूर्ण बाहेर ठेवून पुन्हा सोडवा: सुधारित उत्सर्जनाने त्या केंद्राची मोजमापं पूर्वअंदाजापेक्षा बरी जुळली पाहिजेत. स्वतंत्र माहितीचे घटक किती, म्हणजे मोजमापं खरोखर किती वेगळ्या गोष्टी ठरवू शकतात, तेही मोजा. तुम्ही ७० विभाग सोडवायला ठेवले आणि घटक १२ निघाले, तर ७० विभागांचा रंगीत नकाशा छापू नका; ते विभाग एकत्र करा. शेवटी कृत्रिम चाचणी: तुम्हीच ठरवलेल्या उत्सर्जनावरून खोटी मोजमापं बनवा, त्यात गोंगाट मिसळा आणि तुमचं गणित ते उत्सर्जन परत काढतं का बघा. खरं तर ही चाचणी पहिल्या आठवड्यातच करायला हवी.

उपग्रहाची मोजमापं जोडायची घाई करू नका. उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या स्तंभाची सरासरी बघतो. खालच्या १ किलोमीटरमध्ये हवेचा साधारण नववा भाग असतो, त्यामुळे आपली २.४ पीपीएमची वाढ तिथे पाव पीपीएमच्या थोडी वर, एवढीच उरते. शिवाय कुठल्या थराला किती वजन दिलं आहे हे सांगणारा अ‍ॅव्हरेजिंग कर्नल मॉडेललाही लावावा लागतो.

१०. टनांत बदला आणि सूचीशी ताडून पाहा

मिथेनसाठी दर चौरस मीटरला सेकंदाला १ नॅनोमोल म्हणजे वर्षाला सुमारे ०.५०६ ग्रॅम; १ लाख चौरस किलोमीटरवर ५०,६०० टन. हा एक आकडा पाठ असला की बऱ्याच चुका नजरेला लगेच दिसतात. कार्बन डायऑक्साइडचा आकडा कार्बनच्या टनांत आहे की वायूच्या, तेही बघा, दोन्हींत ३.६७ पट फरक आहे.

तुलना वायूच्या टनांतच करा. कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्य टनांत गेलात तर मिथेनचा गुणक एकाने २५ आणि दुसऱ्याने २८ धरलेला असतो, आणि १२ टक्के फरक नुसत्या गुणकातून उभा राहतो. सूचीत नैसर्गिक पाणथळ जागांचा मिथेन नसतो, आंतरराष्ट्रीय जहाजांचं आणि विमानांचं इंधन देशाच्या बेरजेत धरत नाहीत. हवेत मात्र हे सगळं असतं. सीमेवरचे चौकोन कुणाच्या वाट्याला दिले ते लिहा.

प्रदेशाची अनिश्चितता काढताना चौकोनांच्या अनिश्चितता सुट्या सुट्या वर्ग करून मिळवू नका. सुधारित अंदाजात शेजारी एकमेकांशी बांधलेले असतात: एकाचं वाढवलं की दुसऱ्याचं कमी करावं लागतं. बेरीज पूर्ण सहविचरण मॅट्रिक्सवरूनच (चौकोनांच्या चुका एकमेकांशी किती बांधलेल्या आहेत ते सांगणाऱ्या) करा. आणि निकालासोबत पूर्वअंदाज, सुधारित अंदाज, फूटप्रिंट, पार्श्वभूमी, गाळलेल्या तासांची यादी आणि कॅलिब्रेशन स्केलची आवृत्ती एकाच ठिकाणी ठेवा. सूची दरवर्षी मागच्या वर्षांसकट नव्याने मोजली जाते. त्या वेळी तुम्हाला नुसती तुलना नाही, सगळं गणित पुन्हा चालवावं लागणार आहे.